मुलांना घरीच शिकवायचे? आधी थोडा हिशेब करू या

रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी मी पुण्याला कोंढव्यात माझ्या भाच्याकडे गेले होते. शीरखुर्मा झाला, मुलांना ईदी देऊन झाली आणि मग भाच्याने हळूच विषय काढला. "फुफी, तुम्हाला एक विचारायचे होते. म्हणजे आमचे तसे ठरलेच आहे. पुढच्या वर्षापासून दोन्ही मुलांची शाळा बंद. घरीच शिकवणार."

मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. दोघे जवळच्याच इंग्रजी शाळेत जातात. भाचा एका कंपनीत संगणकाचे काम करतो. त्याची बायको बी.कॉम. झालेली असून घरबसल्या दोन दुकानांचे हिशेब लिहिते. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती.

खरे सांगते, मला आधी राग आला. १९ वर्षे मी शाळेत शिकवते आहे. शाळेची गरजच नाही असे कोणी तोंडावर म्हटले की शिक्षकाला लागतेच. पण त्याची कारणे ऐकत गेले तसा राग ओसरला, कारण त्यातली बरीचशी खरी होती. असा विचार करणारी घरे आता आपल्या समाजात वाढत आहेत. म्हणून त्या दिवशी आमच्यात जे बोलणे झाले, त्यात माझा शाळेतला अनुभव घालून हे लिहीत आहे.

पालकांची तक्रार खोटी नाही

भाच्याचे पहिले म्हणणे वेळेचे होते. सकाळी ७ वाजता गाडी येते, दुपारी अडीचला मुले परततात. मग ट्यूशन, मग गृहपाठ. कुरआन शिकवायला येणाऱ्या हाफिजसाहेबांसमोर मुले पेंगतात. दुसरे म्हणणे फीचे. फी, गाडी, वह्या, गणवेश आणि वर्षभर चालणारे कार्यक्रम यांचा खर्च धरला तर पगाराचा मोठा वाटा तिकडे जातो. तिसरे संगतीचे. चौथीतल्या मुलीच्या तोंडी मोबाईलवरच्या अशा गोष्टी येऊ लागल्या होत्या, ज्या घरात कोणी बोलत नाही. चौथी गोष्ट सांगताना तो थांबला. कोणीतरी वर्गात मुलाला त्याच्या नावावरून चिडवले होते आणि बाईंनी हसून सोडून दिले होते. तेव्हापासून मुलगा वर्गात बोलत नाही.

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक, असे प्रमाण सांगितले आहे. मी स्वतः ६० मुलांच्या वर्गावर उभी राहिले आहे. ६० मुलांत गप्प बसलेले एक मूल दिसत नाही. दंगा करणारे दिसते. शाळेत काम करणाऱ्या माणसाने हे कबूल करायला हवे.

मौलाना आझाद कोणत्या शाळेत गेले?

भाच्याने मग त्याचा हुकमाचा पत्ता टाकला. "फुफी, मौलाना आझाद तरी कुठे शाळेत गेले होते?"

बरोबर आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्म १८८८ मध्ये मक्केत झाला. कुटुंब कलकत्त्याला आले आणि त्यांचे सारे शिक्षण घरीच झाले. आधी वडिलांनी, मग घरी बोलावलेल्या उस्तादांनी त्यांना अरबी, फारसी, फिक्ह, तत्त्वज्ञान आणि गणित शिकवले. वयाच्या २३ व्या वर्षी त्यांनी 'अल-हिलाल' साप्ताहिक काढले. आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचे नाते आहे. १९४२ नंतर ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते आणि 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रे त्यांनी तिथेच लिहिली. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री झाला. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, आपण राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळतो.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. मौलानांचे वडील मोठे आलिम होते. घरी ग्रंथसंग्रह होता आणि एकेका विषयाचे उस्ताद बोलावण्याची ऐपत होती. इतके असूनही त्या शिक्षणात एक मोठी जागा रिकामी राहिली. आधुनिक शिक्षणाने दीन बिघडेल असे वडिलांना वाटत होते, त्यामुळे इंग्रजी आणि नवे विज्ञान घरात आलेच नाही. सर सय्यद अहमद खान यांचे लिखाण वाचल्यावर तरुण आझादांना ही उणीव जाणवली आणि त्यांनी स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकून घेतली. पुढे शिक्षणमंत्री झाल्यावर या गृहस्थाने देशाला काय दिले? खरगपूरची पहिली आयआयटी १९५१ मध्ये त्यांच्याच काळात उघडली आणि १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग सुरू झाला. घरी शिकलेल्या माणसाने देशासाठी संस्था उभारल्या. सगळ्यांच्या घरी आलिम वडील आणि चार उस्ताद नसतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आपल्या इतिहासातली आणखी दोन उदाहरणे मी भाच्याला सांगितली. इमाम शाफई (रह.) लहानपणीच वडिलांना पारखे झाले. आई विधवा आणि गरीब होती. मुलाच्या लिहिण्यासाठी कागदाला पैसे नव्हते, तेव्हा ते हाडांवर लिहीत, असे चरित्रकार सांगतात. त्या आईने मुलाला घरी बसवले नाही. ती त्याला गाझाहून मक्केला घेऊन गेली आणि पुढे इल्मसाठी तो मदीनेला इमाम मालिक (रह.) यांच्याकडे गेला. दुसरे उदाहरण बद्रच्या लढाईनंतरचे आहे. जे कैदी खंडणी देऊ शकत नव्हते पण ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेच्या मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे, अशी सोय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी केल्याचे सीरतच्या ग्रंथांत येते. ते शिक्षक मुसलमान नव्हते, शत्रुपक्षाचे होते. तरी मुले त्यांच्यापुढे बसली, कारण मुलांची तरबियत भक्कम हातांत होती. तेव्हा शाळेतले वातावरण आपल्यासारखे नाही, एवढ्याच कारणाने शाळा सोडण्याआधी घरातली तरबियत किती भक्कम आहे, ते आधी तपासावे.

कायदा काय म्हणतो

"पण हे कायद्याने चालते का?" हा प्रश्न सुनेने विचारला. आता ती चहा घेऊन बाहेर आली होती.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, असे त्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे. त्या कलमात पालकाला दंड किंवा शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याची सर्वांना खुली परवानगीही कायद्यात लिहिलेली नाही. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना मात्र २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय स्पष्टपणे दिला आहे. थोडक्यात, घरी शिकवणाऱ्या पालकाला कोणी पकडून नेत नाही, पण सरकारी नोंदीत ते मूल शालाबाह्य ठरते.

परीक्षेसाठी मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. तिथे १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेसाठी नाव घालता येते. किमान पाच विषय घ्यावे लागतात. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसायची संधी मिळते आणि एकेक विषय सोडवत जाता येते. मराठी आणि उर्दू ही दोन्ही माध्यमे तिथे आहेत. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्याही आहेत. आपल्या राज्य मंडळाचा खाजगी विद्यार्थ्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म बहुतेकांना माहीत आहे. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो.

या दाखल्याबद्दल एक इशारा. तो जपून ठेवा. त्यावर जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद असते. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी अशा ओबीसीत येणाऱ्या कुटुंबांना पुढे जातीचा दाखला काढताना हीच नोंद उपयोगी पडते. जे मूल शाळेत कधी गेलेच नाही, त्याच्याकडे हा कागद नसतो. शाळा सोडल्याने शिष्यवृत्तीच्या परीक्षाही सुटतात. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा शाळेमार्फतच द्यायची असते. आठवीतली एनएमएमएस परीक्षा तर सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. खाजगी शाळेत २५ टक्क्यांच्या कोट्यातून मिळालेली जागा सोडली, तर ती परत मिळेलच असे नाही.

शिकवणार कोण?

मी भाच्याला विचारले, "सकाळी ९ ते १२ मुलांसमोर कोण बसणार?"

"तिच ना. ती घरीच असते."

सून काही बोलली नाही. मी तिला म्हटले, "बेटा, तुला विचारले होते का?" तिने नवऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "यांनी सांगितले, तेव्हा मी हो म्हटले. पण फुफी, माझे हिशेबाचे काम मग सोडावे लागेल. आणि मुलीचे गणित आता मला जड जाते. ती काही विचारते आणि मी तिच्यावर ओरडते."

"घरीच शिकवू" या दोन शब्दांत बहुतेक घरांत आईच्या दिवसातले पाच तास असतात आणि ते कोणी मोजत नाही. आधीचा स्वयंपाक, धुणे, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी तसेच राहते. त्यात शिकवणी धरायची. मूल शिकले नाही तर दोष आईचा. शिक्षकाला बी.एड. करताना शिकवतात की एखादी गोष्ट मुलाला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावून पाहावी. तेही शिक्षक आपल्या पोटच्या मुलाला शिकवताना चिडतात. मी चिडले आहे. म्हणून ज्या घरात वडील रोज ठरलेले दोन तास देत नाहीत, त्या घराने शाळा सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका दाखल्याची गोष्ट

आता जे सांगते, ते मी भाच्याला सांगितले तेव्हा माझा आवाज नीट राहिला नाही.

काही वर्षांपूर्वी आठवीला माझ्या वर्गात एक मुलगी होती. मी वर्गशिक्षिका. बीजगणितात ती वर्गात सर्वांच्या पुढे असे. सहामाही झाल्यावर तिचे अब्बा दाखला न्यायला आले. म्हणाले, "मॅडम, मुलगी मोठी झाली. आता घरीच शिकवतो. दहावीला बाहेरून बसवू." बोलणे सभ्य, कारण पटण्यासारखे. मी दाखल्यासाठीच्या कागदावर सही केली. कोण शिकवणार, पुस्तके कोणती, फॉर्म कोणत्या वर्षी भरणार, यातले मी काहीही विचारले नाही.

चार वर्षांनी ती एका लग्नात भेटली. मला पाहून "मॅडम" म्हणत धावत आली. मी विचारले, दहावीला कितव्या वर्षी बसलीस? ती म्हणाली, "अजून नाही. पुस्तके पेटीत आहेत." लहान भावंडे, आजारी दादी आणि शिवणकाम यांत चार वर्षे गेली होती. घरी तिला कोणी शिकवले नव्हते. कोणी मुद्दाम रोखलेही नव्हते. रोज एक दिवस पुढे ढकलला गेला, एवढेच.

तिच्या अम्मीशी बोलून आम्ही १७ नंबरचा फॉर्म भरला. ती परीक्षेला बसली. सगळे विषय निघाले, एक राहिला. गणित. जो विषय तिचा होता, तोच सुटला. ती आता पुन्हा बसणार आहे, इन्शाअल्लाह निघेल. पण त्या दिवशी सही करताना मी चार प्रश्न विचारले असते तर, हा विचार मला सोडत नाही.

मुलींच्या बाबतीत "घरी शिकवतो" याचा अर्थ पुष्कळदा "शिकवणे थांबवतो" असा निघतो. इल्म मिळवणे हे स्त्री-पुरुष दोघांवर बंधनकारक आहे, असे आपण जलशात मोठ्या अभिमानाने सांगतो. ते दाखला काढण्याच्या दिवशीही आठवले पाहिजे. शाळा लांब आहे, रस्ता बरा नाही, मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, या अडचणी खऱ्या आहेत. त्यावर चार पालकांनी मिळून रिक्षा ठरवणे, शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन बोलणे हे उपायही आहेत. ते करून पाहिल्यावर मग दाखल्याचे बोलावे.

ज्यांना जमले, त्यांनी काय केले

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्याकडचा एक मुलगा पाचवीनंतर हिफ्जसाठी शाळेतून निघाला. वडील किराणा दुकानदार, फार शिकलेले नाहीत. पण त्यांनी एक नियम केला. असरनंतर रोज एक तास गणित आणि इंग्रजी, आणि तोही दुकानातच, गल्ल्याशेजारी. दर तीन महिन्यांनी ते मुलाला घेऊन शाळेत यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, याचा पेपर घ्या." जवळजवळ तीन वर्षांनी मुलगा हाफिज होऊन परत आला. कायद्याप्रमाणे वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळतो, म्हणून तो थेट आठवीत बसला. पहिले सहा महिने त्याला विज्ञान जड गेले, मग रुळला आणि दहावी चांगल्या गुणांनी पास झाला. आज रमजानमध्ये तो तरावीह पढवतो आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकतो. माशाअल्लाह.

त्या वडिलांकडे मोठी पदवी नव्हती. वेळ ठरलेली होती, बाहेरच्या माणसाकडून तपासणी होती आणि परत येण्याचा रस्ता उघडा होता. घरी शिकवणे ज्यांना जमते, त्यांच्याकडे या तीन गोष्टी मला नेहमी दिसल्या.

म्हणून निर्णय घेण्याआधी नवरा-बायकोने कागद घेऊन बसावे आणि ही उत्तरे लिहून काढावीत:

१. रोज कोण शिकवणार आणि किती वाजता? वडिलांचे तास कोणते?
२. आईची खरोखर तयारी आहे का, की तिने फक्त मान डोलावली?
३. जे विषय आपल्याला येत नाहीत, ते कोणाकडून शिकवून घेणार?
४. मुलाला समवयस्क मुले रोज कुठे भेटणार? भावंडे आणि मोबाईल यांना सोबत म्हणता येत नाही.
५. दर तीन महिन्यांनी बाहेरचे कोण तपासणार?
६. दहावी कोणत्या मंडळाची, कोणत्या वर्षी?
७. जमले नाही तर कोणत्या शाळेत आणि कोणत्या महिन्यात परत जाणार?
८. मुलाला विचारले का?

यातल्या तीन-चार प्रश्नांपुढे जागा कोरी राहिली, तर मूल शाळेतच राहू द्यावे. आणि शाळेत राहूनही घर सुटत नाही. मगरिबनंतरचा एक तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून आई-वडील मुलांसोबत बसले, शाळेत काय झाले ते ऐकले, एक पान कुरआन आणि एक पान गोष्टीचे पुस्तक वाचले, तर अर्धी तरबियत तिथेच होते. शाळेत काही वावगे घडले तर घरी चडफडत बसण्यापेक्षा शाळेत जाऊन शांतपणे बोलावे. पालक येतात हे कळले की शिक्षक त्या मुलाकडे वळून पाहतात. हे मी दुसऱ्या बाजूने सांगते आहे.

शेवटी काय ठरले

आठवा प्रश्न आम्ही तिथेच सोडवला. मुलीला हाक मारून विचारले. ती लगेच म्हणाली, "मला शाळेत जायचे आहे. माझी आणि माझ्या मैत्रिणीची पुढच्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात मांडायची गोष्ट ठरली आहे." मुलगा मात्र आईच्या ओढणीआड गेला आणि मान हलवत राहिला.

महिनाभराने भाच्याचा फोन आला. मुलगी शाळेतच राहणार. मुलाला एक वर्ष घरी ठेवणार. मी त्याला शाळा बदलून पाहा म्हटले होते, ते त्याने ऐकले नाही. पण कागद त्याने भरला होता. सकाळी ७ ते ९ तो स्वतः शिकवणार आणि कामावर उशिरा जाण्याची परवानगी त्याने काढली आहे. बायकोचे हिशेबाचे काम चालू राहील. संध्याकाळी मुलगा सोसायटीतल्या मुलांबरोबर मैदानावर जाईल. दर तीन महिन्यांनी पेपर मी घ्यायचा आणि पुढच्या जूनला दुसऱ्या शाळेत दुसरीला प्रवेश.

मी अजूनही शाळेच्याच बाजूची आहे. पण या वेळी एका वडिलांनी तासांचा हिशेब स्वतःच्या नावावर लिहिला, याचे मला समाधान वाटले. पहिला पेपर मी काढून ठेवला आहे. त्यात एक प्रश्न तोंडी आहे. मुलाने उभे राहून मोठ्याने आपले पूर्ण नाव सांगायचे.

अल्लाह आपल्या मुला-मुलींना नफा देणारे इल्म देवो आणि त्यांच्या बाबतीत घेतलेल्या निर्णयांचा जाब देण्याची हिंमत आपल्याला देवो. आमीन.